‘पित्त झालंय, दुसरं काय!’

(वस्तीतल्या महिला मंडळाच्या आरोग्य-बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय मी फळ्यावर ‘चरबी’ असा लिहिला तेव्हा दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. हसणारच. हा शब्द आपल्या कानावर येतो तो शिवी म्हणून. उलट उत्तर दिलं की ‘चरबी चढलीय’. माहेरी चार दिवस जास्त राहून आलं की ‘अंगावर चरबी आली वाटतं’. पुरुषांनाही म्हणतात, नाही असं नाही. पण बाईला म्हणताना तिची जीभ आणि तिचं अंग, दोन्ही एकाच फटक्यात मापलेलं असतं. ती शिवी आज दाराबाहेर ठेवू आणि खऱ्या चरबीकडे बघू. खाल्लेल्या तेलातुपाचं शरीर काय करतं, आणि ते काम बिघडलं की काय होतं.

मी डॉक्टर नाही. समाजकार्य शिकले, आणि दवाखान्याच्या रांगेत बायांबरोबर बसणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. रांगेत बसून जे कळेना ते डॉक्टरांना विचारून, वाचून समजून घेतलं. त्यामुळे औषधं मी सांगणार नाही. आत काय चालतं ते सांगेन.

हा पेला. यात पाणी आहे, त्यात चमचाभर गोडंतेल टाकते. ढवळा. फिरतंय तोवर मिसळल्यासारखं वाटतं, चमचा काढला की तेल पुन्हा वर. रात्रीची तेलकट कढई नुसत्या गार पाण्यानं कुणी धुऊन दाखवावी! आता भांडी घासायची पावडर चिमूटभर टाकते. पुन्हा ढवळा. पाणी गढूळ झालं, तवंग फुटला, तेलाचे बारीक बारीक थेंब होऊन पसरले. पोटात हेच होतं. आपलं रक्त पाण्याचं, पाचकरस पाण्याचे. शेंगदाण्याचं कूट, खोबरं, तूप, दुधाची साय यांतला स्निग्ध भाग पाण्यात विरघळत नाही. तिथं भांड्याच्या पावडरीचं काम करतं ते पित्त.

कोंबडी साफ करणारीला हे पित्त चांगलं माहीत आहे. कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी असते. ती हातून फुटली की सगळं कालवण कडूजहर. तशीच पिशवी आपल्याला आहे, उजव्या बरगड्यांच्या खाली, यकृताच्या म्हणजे लिव्हरच्या पोटाशी. लिव्हर दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. दोन जेवणांच्या मधे ते या पिशवीत साठतं आणि घट्ट होत राहतं. पिशवीत मावतं फक्त ३० ते ५० मिलिलिटर. स्निग्ध घास लहान आतड्यात उतरला की आतडं रक्तातून एक निरोप धाडतं. निरोप म्हणजे हार्मोन. तो मिळाला की पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात सांडतं. स्वादुपिंडाचा रसही त्याच वेळी येतो. पित्तानं तेलाचे थेंब फोडायचे, स्वादुपिंडाच्या रसानं ते कातरून आणखी बारीक करायचे, मग ते आतड्याच्या भिंतीतून आत शिरायचे, असं कामाचं वाटप आहे.

यापुढची गोष्ट मला फार आवडते. जेवणातली साखर रक्तातून सरळ लिव्हरकडे जाते. चरबीची वाट मात्र बहुतेक करून वेगळी. आतड्याच्या भिंतीत तिची पुन्हा बारीक गाठोडी बांधली जातात आणि ती रक्तात न जाता दुसऱ्याच नळ्यांत शिरतात. तिथला रस तेव्हा दुधासारखा पांढरा दिसतो. तो छातीतून वर चढतो आणि डाव्या बाजूला मानेच्या बुडाशी रक्ताला मिळतो. म्हणून भरपूर तुपातलं जेवण झाल्यावर दोनतीन तासांनी रक्त काढलं, तर त्यातलं पाणी दुधाळ दिसू शकतं. आणि ते पित्त? त्यातला साबणासारखा जो भाग असतो, त्यातला शंभरातला पंचाण्णव हिस्सा लहान आतड्याच्या शेवटी परत शोषला जातो, लिव्हरकडे जातो, पुन्हा वापरला जातो. काटकसर आपल्याला कुणी शिकवायला नको.

हा सगळा खटाटोप उगाच नाही. एक ग्रॅम चरबीतून ९ कॅलरी मिळतात, पिठातून किंवा साखरेतून ४. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धाचा हात धरूनच आत येतात. पाळी चालवणारी हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासून बनतात. अंगावरची चरबी फारच कमी झाली तर पाळी थांबते. गरोदरपणी मांड्यांवर, कमरेवर जी चरबी साठते, ती पुढे बाळाच्या दुधासाठी वापरली जाते. तेव्हा बाळंतिणीला ‘किती सुटलीस’ म्हणताना जरा दमानं घ्यावं.

आता घोटाळा. तो पोटात नाही, आपल्या शब्दात आहे. मराठीत आपण पित्त कशाकशाला म्हणतो बघा. छातीत जळजळलं, पित्त. आंबट ढेकर आला, पित्त. डोकं धरलं आणि उलटी झाली, पित्त. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त उठलं, लाव आमसूल. राग आला, तरी पित्तच खवळतं! यातली जळजळ बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाची असते, कलेजीजवळच्या त्या हिरव्या पिशवीची नव्हे. गांधींचा तर तिच्याशी काही संबंधच नाही. पण एकच शब्द सगळीकडे वापरल्यामुळे होतं काय, की जिचं खरोखर पित्ताच्या पिशवीत दुखतं, तिलाही घरचे म्हणतात, ‘पित्त झालंय, दुसरं काय!’ आणि सोड्याची पुडी हातात पडते.

आपल्यातल्याच एकीची हकिकत सांगते. तिच्या परवानगीनं सांगते आहे, नाव मात्र घेणार नाही. तिसऱ्या बाळंतपणानंतर, बारशाच्या रात्री, तिला पहिल्यांदा दुखलं. दिवसभर पुऱ्या तळल्या, पाव्हण्यांचं उरकलं, सगळ्यांच्या शेवटी ती जेवली. रात्री एकच्या सुमारास छातीच्या खाली, उजवीकडे, आतून कुणी पिळा घातल्यासारखं झालं. कळ पाठीत, उजव्या खवाट्यापर्यंत गेली. बसवेना, झोपवेना. दोन तासांनी उलटी झाली, हळूहळू ओसरलं. सकाळी ती धुण्याभांड्याच्या कामाला गेली. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. असं सात वर्षं.

सात वर्षांत तिला काय काय सांगितलं गेलं त्याची यादी आम्ही एकदा बसून केली. आम्लाच्या गोळ्या. सलाइन. ‘तिखट कमी खा.’ अंगारा. सासू म्हणाली, आम्हीही पित्त सोसलं, आम्ही नाही कधी मढ्यासारखं पडून राहिलो. नवरा म्हणायचा, ‘कामाच्या वेळी बरं दुखत नाही, रात्रीच दुखतं.’ त्याला वाटायचं, हे आपल्याला टाळण्याचं निमित्त आहे. खरं कारण साधं होतं. त्या घरात तळणीचं जेवण रात्री व्हायचं, आणि जेवणानंतर अर्ध्या तासापासून काही तासांत कधीही ही कळ उठू शकते.

या यादीत माझंही नाव आहे. ती माझ्याकडे पहिल्यांदा आली ती नवऱ्याच्या भांडणाची तक्रार घेऊन. बोलता बोलता पोटाचं म्हणाली. माझ्या नोंदवहीत ते वाक्य अजून आहे : ‘घरगुती ताणामुळे वारंवार पोटदुखी.’ तिच्या मनाचं ओझं ऐकण्यात मी इतकी गढले होते की नेमकं कुठं दुखतं, किती वेळ, काय खाल्ल्यावर, हे विचारलंच नाही. बाईचं दुखणं मनाचं आहे असं म्हणायला सासूच लागते असं नाही. शिकलेली, चळवळीत काम करणारी बाईही ते म्हणू शकते. फक्त जरा गोड आवाजात.

मग एका श्रावणात तिचे डोळे पिवळे झाले, लघवी काळपट चहासारखी, हुडहुडी भरून ताप. एक खडा पिशवीतून सुटून पित्ताच्या नळीत अडकला होता. सरकारी रुग्णालयात सोनोग्राफी झाली. दहा मिनिटं लागली. पिशवीत खडेच खडे.

त्या दहा मिनिटांनी मला फार छळलं. कारण सोनोग्राफी तिला नवी नव्हती. तीन गरोदरपणांत मिळून ती पाचसहा वेळा त्या टेबलावर झोपली होती. तेव्हा पैसे निघाले, रिक्षा ठरली, नवऱ्यानं खाडा केला. पोटावरचं तेच यंत्र वीतभर वर सरकवायला सात वर्षं लागली! याच यंत्राचा बायकांच्या विरोधात काय वापर झाला ते तुम्ही जाणता. महाराष्ट्रात गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९८८ साली झाला, देशात पहिला. देशाचा कायदा आला १९९४ साली. तो व्हावा म्हणून बायकांनी मोर्चे काढले. बाईच्या पोटात काय वाढतंय हे बघायची एवढी घाई, आणि बाईला काय दुखतंय हे बघायला मात्र कुणाला सवड नाही.

खडे का होतात? पित्तात कोलेस्टेरॉल विरघळलेलं असतं. ते प्रमाणाबाहेर वाढलं, किंवा पिशवी नीट रिकामी होईना, तर ते गोठून खडे बनतात. पाकात साखर जास्त झाली की कडेला खडे धरतात, तसंच. हे खडे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतात, आणि त्यात बायकांची चूक काही नाही. स्त्रीहार्मोनमुळे पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं. गरोदरपणात दुसऱ्या हार्मोनमुळे पिशवी सुस्तावते. जितकी बाळंतपणं जास्त, तितका धोका जास्त. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी थोडा वाढतो. अंगावर वजन फार असलं तर वाढतो, आणि झटपट वजन उतरवलं तरी वाढतो. ‘पंधरा दिवसांत बारीक व्हा’ म्हणणाऱ्या जाहिराती हे सांगत नाहीत. आईला खडे असतील तर मुलींनी लक्ष ठेवावं.

आणखी एक कारण उपवासाचं. पिशवी रिकामी व्हायला पोटात अन्न जावं लागतं. बराच वेळ काही गेलं नाही तर पित्त साचतं, घट्ट होतं. एका हरतालिकेनं खडा होत नाही, उगाच घाबरू नका. माझा रोख वेगळ्या उपवासाकडे आहे, ज्याचं व्रत कुणी घेतलेलं नसतं. रात्री आठला उरलंसुरलं खाल्लं, सकाळी दोनदा नुसता चहा, आणि पहिला घास दुपारी एक-दीडला, सगळ्यांचं झाल्यावर. सतरा तास झाले. हात वर करा बघू कितीजणी अशा. ...बघा, मीच वर केलाय.

पित्ताचा खडा आणि मुतखडा वेगळे, हेही सांगून टाकते. पानफुटीची पानं खा, बिअर प्या, हे सल्ले मुतखड्याचे. तेही कितपत खरे ते असो, पण पित्ताची पिशवी लघवीच्या वाटेवर नाहीच. कुणी ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पाजून सकाळी हिरवे ‘खडे’ पडलेले दाखवतं. ते त्या तेलाच्याच साबणासारख्या झालेल्या गोळ्या असतात.

कुणाला सोनोग्राफीत सहज खडे दिसले आणि कधीच दुखलं नसेल, तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही, नुसतं लक्ष ठेवतात. वारंवार दुखत असेल तर पिशवी काढतात. काढल्यावर पित्त थेट आतड्यात ठिबकत राहतं. माणूस नीट जगतं. काहींना काही दिवस पातळ होतं. पूर्वी पोट मोठं उघडावं लागे, मग महिना महिना विश्रांती. ऐकूनच बाया म्हणायच्या, मग घरचं कोण करणार? दुर्बिणीतून पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया भारतात पहिल्यांदा झाली ती आपल्या मुंबईत, १९९० साली, जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमतन उदवाडिया यांच्या हातून. परदेशातली महागडी पद्धत गरीब रोग्याला कशाला, असं न म्हणता सरकारी रुग्णालयात त्यांनी ती सुरू केली, याचं मला मोल वाटतं. आता बहुतेकजणी एकदोन दिवसांत घरी येतात. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तोंडानं विचारा. भिंतीवरचा फलक वाचून परत फिरू नका.

थांबायचं कधी नाही? कळ पाचसहा तास थांबली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढुरकी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय. खडा स्वादुपिंडाच्या वाटेवर अडकला तर ते सुजतं, जिवावर बेततं. आणि गरोदर मुलींसाठी खास : शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, खाज सुटते आणि अंगावर पुरळ मात्र काही नाही, असं झालं तर खोबरेल चोळून गप्प बसू नका. लिव्हरमधून पित्त नीट वाहत नसल्याची ती खूण असू शकते, बाळाला धोका असतो. रक्त तपासून घ्यायला सांगा.

आता ज्या बारीक आहेत आणि मघापासून निवांत बसल्यात, त्यांच्याकडे वळते. चरबी पचली, रक्तात आली, तरी काम संपत नाही. ती ठेवायची कुठं? तिची हक्काची जागा कातडीखाली. ती कोठी लहान असली, किंवा भरली, तर चरबी नको तिथं जाते : आतड्यांच्या भोवती, लिव्हरच्या आत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. त्या बायांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. बाळं जन्मली ती साधारण पावणेतीन किलोची. इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिलं तर ही बाळं सगळ्याच बाबतींत लहान, पण चरबी मात्र त्या मानानं टिकलेली, स्नायू जास्त कमी. पुढे २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानानं वजन दोघांचंही तंतोतंत सारखं, निर्देशांक २२.३. दिसायला दोघेही सडसडीत. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

तर आरसा बघून आत काय आहे ते कळत नाही. आणि लिव्हरमधली चरबी फक्त तेलातुपातून येते असंही नाही. जादा साखर, मैदा, भात यांचीही लिव्हर चरबी करतं. चारचार कप गोड चहा, बरोबर खारी, ताटात भात-चपाती रेलचेल आणि डाळ पातळ, अंडं-मासा असला तर तो पुरुषांच्या ताटात. हे जेवण माझ्या ओळखीच्या कितीतरी बारीक बायांचं आहे. एका बाईला ‘लिव्हरला चरबी’ असं निघालं तर जावेनं विचारलं, चोरून पितेस की काय? या दुखण्याच्या जुन्या इंग्रजी नावातच ‘दारूशिवाय होणारं’ असे शब्द होते. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी ते नाव बदललं. जावेपर्यंत पोचायला वेळ लागेल.

हृदयाचं थोडक्यात सांगते, त्यावर पुढच्या बैठकीत डॉक्टरबाई बोलणार आहेत. पाळी गेल्यावर चरबी कमरेवरून पोटाकडे सरकते, रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं आणि हृदयविकाराचा धोकाही. बायकांना झटका येतो तेव्हा छातीत दुखण्याबरोबर, कधी त्याऐवजीही, दम लागतो, घाम फुटतो, जबडा-पाठ दुखते, मळमळतं. यालाही घरात पित्तच म्हणतात. चाळिशी-पन्नाशीच्या बाईला घाम फुटून पोटाच्या वर दुखलं, तर आधी हृदयाची पट्टी काढा, सोडा नंतर.

बोलणं आटोपतं घेते, कारण जिची हकिकत सांगितली ती मघापासून मला खुणावते आहे. ती इथंच बसली आहे, खिडकीपाशी. नाव घेणार नाही म्हटलं होतं, पण आता तीच म्हणतेय, घे ना, घाबरतेस कशाला. पिशवी काढल्यावर डॉक्टरांनी तिला खडे एका छोट्या बाटलीत घालून दिले. सासूनं ती उकिरड्यावर टाकायला सांगितली होती. हिनं देवळीत ठेवली, आणि शेजारची कुणी ‘पित्त झालंय’ म्हणाली की आधी बाटली काढून दाखवते, मग विचारते, कुठं दुखतं ते बोट ठेवून सांग.

बाटली तिनं आज आणली आहे. एकीकडून दुसरीकडे द्या, झाकण उघडू नका. सत्तावीस आहेत म्हणते. मोजा हवं तर. तोवर ज्यांना काही विचारायचंय त्यांनी पुढे या. मोठ्यानं विचारायला लाज वाटत असेल तर कानात विचारा.